पुंजारामचा झेंडा

१२ जानेवारी, सोमवार

धरणावर गेलो होतो प्रचाराची बातमी शोधायला. सापडला झेंडा! पाण्याच्या ऐन मधोमध ट्रकची ट्यूब, ट्यूबवर बांबू, बांबूला लाल कापड, त्यावर तिरपा पांढरा पट्टा. आसपास माणूस नाही. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर असताना झेंडा आहे आणि कार्यकर्ते नाहीत — अकोले तालुक्यात हा चमत्कारच म्हणायचा.

काठावर उभा राहिलो. वीस मिनिटांनी ट्यूबशेजारी बुडबुडे आले आणि बुडबुड्यांमागोमाग पुंजाराम. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. सात वर्षं मालवणला होता, पर्यटकांना समुद्रात बुडवून पुन्हा वर काढायच्या नोकरीत. जुनं सामान घेऊन गावी परतला. आता नळयोजनेच्या पंपाची जाळी साफ करतो, विहिरीत पडलेल्या मोटारी काढतो. पोलिसांना बुडालेलं प्रेत हवं असलं की त्यांनाही पुंजारामच आठवतो.

"झेंडा कशाला रे?"

"झेंडा वर हाय म्हंजी मानूस खाली हाय. बोटवाल्यानं लांबून जायाचं. समुद्रावर असंच असतंय."

"इथं कुणाला कळतंय ते?"

"कुनालाच न्हाई. पन मला कळतंय ना! मी उतरलो तर झेंडा लावायची जबाबदारी माजी."

तालुक्यात जबाबदारी हा शब्द स्वतःला लावून वापरणारा पहिलाच माणूस भेटला. टिपून ठेवतो.

१४ जानेवारी, बुधवार

छापून आलं! चौकटीत, पान तीन. मथळा — 'जलाशयात तिसरी आघाडी?' या आघाडीचे एकमेव नेते पुंजाराम पाण्याखालून काम करतात, त्यामुळे मतदारांना त्यांचं दर्शन होत नाही. एवढ्या बाबतीत त्यांच्यात आणि मावळत्या सदस्यांत फरक नाही, वगैरे. सकाळपासून सात फोन. दोन्ही गटांचे लोक हसले, म्हणजे दोघांनाही लागलं.

पुंजारामचाही फोन. "दादा, नाव आलं! आक्काबाईनं कापून ठिवलंय." आक्काबाई म्हणजे त्याची बायको.

सुनीतीनं तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "अहो, पण तो झेंडा कशाचा हे लिहिलंच नाहीत तुम्ही."

"रसभंग झाला असता."

संस्कृत पाठशाळेत नऊ वर्षं घालवली, त्यातलं एवढं एक मला नीट येतं. विनोद समजावून सांगितला की मेला.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज तर कळसच! आचारसंहिता पथकानं पुंजारामचा झेंडा जप्त केला. पथकप्रमुख एरवी गुरांना लसी टोचतात. होडी काढून स्वतः पाण्यात गेले, बांबू उपटला, काठावर बसून पंचनामा केला. मी तिथंच होतो, शब्दन् शब्द उतरवून घेतला — 'लाल रंगाचे एक कापड, तिरपा पांढरा पट्टा, बांबूसह, पक्ष अज्ञात, पाण्यावर विनापरवाना फडकत असताना मिळून आले.'

पुंजाराम ओलाच उभा. "साहेब, मग मी खाली उतरायचं कसं?"

"निकालानंतर अर्ज करा."

"दुसरा लाव की," मी म्हणालो.

"त्यो बी नेतील. वर गुन्हा घालतील म्हनत्यात."

मी त्याला शब्द दिला — उद्याच लिहितो, झेंडा कशाचा ते, सविस्तर, रसभंग झाला तरी चालेल. नंतर टपरीवर पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

लिहायचं राहिलं. माजी सभापती सूर्यभानरावांची सभा होती. अडीच तास.

१९ जानेवारी, सोमवार

पुंजारामला बोट लागली.

पंपाची जाळी शेवाळानं तुंबली, गावाला दोन दिवस पाणी नाही. ऐन निवडणुकीत कोरडे नळ! सकाळी सरपंच दारात, ग्रामसेवक दारात. "झेंडा न्हाई," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम हाय, उतर," ते म्हणाले. उतरला. जाळी साफ केली. वर येताना डोक्यावरून सूर्यभानरावांची प्रचाराची स्पीडबोट गेली, भोंग्यासकट. बोट त्यांच्या पुतण्याची, हर्षलची. चालवतही तोच होता. पंख्यानं उजवा खांदा फाडला.

संगमनेरच्या दवाखान्यात नेलंय. टाके घातलेत. उजव्या हाताची बोटं हलत नाहीत.

गावाला मात्र दुपारी पाणी आलं.

२० जानेवारी, मंगळवार

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली.

"बोटवाल्याला काय स्वप्न पडणार, खाली माणूस आहे म्हणून? खूण लावायची जबाबदारी खाली उतरणाऱ्याची. निष्काळजीपणा त्याचाच दिसतो."

"पण खूण तर तुम्हीच—"

"आम्ही नाही. पथकानं."

धरणात बुडी मारणाऱ्यानं झेंडा लावावा असा नियम जिल्ह्यात आहे का, हे मी दिवसभर शोधलं. सापडला नाही. जबाबदारी मात्र त्यांना एका मिनिटात सापडली, नेमकी टाके पडलेल्या खांद्यावर! चूक पुंजारामची ठरली तर हर्षल सुटला, बोटीची विमा कंपनी सुटली, आणि गुन्हा पुंजारामवर. त्या हाताचं पुढं काय, हे विचारायलाही तो कुणाकडे जाऊ शकणार नाही.

न्यायशास्त्र शिकताना वर्षभर घोकलं होतं — डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं समजायचं. आमच्या तालुक्यात धूर आधी जप्त करतात. मग म्हणतात, अग्नी आहे हे आम्हाला कळणार कसं?

२१ जानेवारी, बुधवार

पंचनाम्याची नक्कल आणायला तहसील कचेरीत गेलो. पुंजारामच्या सुटकेचा कागद आपल्या हातून मिळणार, या कल्पनेनं जरा ताठच चालत होतो.

कारकुनानं फाईल उघडली. पंचनाम्याला टाचलेलं कात्रण. 'जलाशयात तिसरी आघाडी?' लाल शाईनं दोनदा अधोरेखित. समासात — 'कारवाईचा आधार'.

"तक्रार कुणाची होती?"

"तक्रार कशाला लागतीय? साहेब म्हणाले, पेपरात आघाडी लिहिलंय म्हणजे आघाडीच."

"अहो, पुढं प्रश्नचिन्ह आहे!"

"प्रश्नचिन्हावर कारवाई करू नये असा काही आदेश नाही."

इतकं नेमकं उत्तर मला आयुष्यात सुचलं नसतं.

घरी सांगितलं. सुनीती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "मग जाऊन सांगा ठाण्यात. झेंडा कशाचा ते मला माहीत होतं, मी मुद्दाम लिहिलं नाही. दोन वाक्यांचं काम आहे."

नगरला सुहासला फोन केला. संपादक आहे, वयानं लहान आहे, शहाणा आहे. "शामकांतराव, आपण बातमी द्यायची, आपण बातमी व्हायचं नाही. निकालापर्यंत थांबा."

दोघांचंही पटलं. हा माझा जुना आजार.

२२ जानेवारी, गुरुवार

जबाब लिहून काढला. पहिला मसुदा फार रडवा झाला. दुसऱ्यात पथकप्रमुखांवर एक विनोद आला, तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिसरा चांगला उतरलाय. शेवटचं वाक्य तर फारच. स्वच्छ प्रत केली. उद्या देतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

साहेब बंदोबस्तावर असतील. असतीलच. गेलो नाही.

२४ जानेवारी, शनिवार

एक विशेषण बदललं.

२५ जानेवारी, रविवार

दवाखान्यात गेलो. जबाब खिशात होता. म्हटलं, आधी त्याला वाचून दाखवू. पुंजाराम झोपला होता. आक्काबाई बाहेर बाकावर.

"जबाब झाला त्येंचा," ती म्हणाली. "काल हवालदार आल्ता. डाव्या हातानं सही केली."

"काय सांगितलं त्यानं?"

"झेंडा लावायचा राहून गेला, चूक माजी."

"अगं, पण पथकानं नेला होता ना झेंडा!"

"हवालदार म्हनला, पथकाचं नाव घेतलं तर पेपरवाल्या दादास्नी बी बोलवावं लागंल. मंग हे म्हनले, ऱ्हाऊ द्या. त्यांनी आपलं नाव पेपरात आनलं. आपन त्यांचं पोलिसात कशाला न्यायचं?"