मेणबत्त्या उजवीकडून

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? (भावोजींची तब्येत विचारत नाही, ते न विचारताच सांगतात.) इकडे सगळं ठीक, म्हणजे कालपासून ठीक.

मी चित्रकला कुठल्या शाळेत शिकलो नाही, म्हणूनच तपशिलात मला कुणी पकडू शकत नाही, हे तू जाणतेसच. यंदा मुलांच्या दोन पुस्तकांची चित्रं माझ्याकडे होती. एक हवामानबदलाचं, दुसरं हनुकाचं. (हनुका म्हणजे ज्यू लोकांचा दिव्यांचा सण. आठ रात्री, रोज एक मेणबत्ती जास्त लावायची.) तिसऱ्या रात्रीच्या ज्योती अशा रंगवल्या की बोट लावलं तर चटका बसावा. हवामानाच्या पुस्तकात तापमानाची चढती रेघ, आणि तिच्यावरून घाम पुसत चढणारं अस्वल.

छापखान्यातून नमुन्याची पानं आली आणि माझं टाळकंच सटकलं. दोन्ही चित्रं आरशातल्यासारखी उलटी! खाली छापखान्याने टाकलेली सालं सरळ, वर रेघ उतरती, म्हणजे पृथ्वी दरवर्षी गार होत चाललेली आणि अस्वल उगाचच घामाघूम. मी तडक जाऊन छापखानेवाल्याची चारचौघांत बिनपाण्याने केली. "दोन्ही सरळ करतो साहेब, पण आवाज खाली," तो म्हणाला.

घरी येतो तो हनुकाच्या लेखिकाबाईंचा फोन. (बाई स्वतः ज्यू, माझ्याआधी दोन चित्रकारांना नारळ दिलेल्या.) तीच पानं त्यांनाही गेली होती. म्हणाल्या, "अहो, मेणबत्त्या उजवीकडून मांडत जातात, हे तुम्हाला बरं ठाऊक! आधीच्या दोघांनी डावीकडूनच काढल्या. आता पुढची सगळी पुस्तकं तुमचीच. सही मात्र उलटी का हो?"

"शैली," मी म्हटलं, आणि घाईने फोन ठेवला. कारण ताई, मीही डावीकडूनच काढल्या होत्या. आपण लिहितो डावीकडून, माणूस मेणबत्त्या दुसरीकडून कशाला मांडेल?

चपला उलटसुलट घालून छापखाना गाठला. यंत्र धडधडत होतं. छापखानेवाला मान खाली घालून म्हणाला, "साहेब, अस्वल सरळ केलं, मेणबत्त्या राहूनच गेल्या. थांबवू का?"

मी त्याला मिठी मारली. बिचारा शिव्यांना इतका घाबरला नव्हता.

तुझा,
धाकटा

ता. क. उलट्या सहीचा सराव चालू आहे. बँकेने चेक परत पाठवला.

आणखी एक. मी तुला दिलेलं मेणबत्त्यांचं मूळ चित्र तुझ्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं आहे, आणि बाई रविवारी तुझ्या गावी खास ते बघायला येताहेत. कपाटात टाक. हट्टच धरला तर त्यांना चित्राकडे पाठ करून उभं कर, हातात आरसा दे, आणि सांग, आमच्या धाकट्याची चित्रं अशीच बघायची असतात.