कारणाचा रकाना

टेंभी नाका, ठाणे
रविवार, दुपारचे तीन

प्रिय मृणाल,

गेल्या शनिवारी तुझ्या भाषणाला शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, कानटोपी घालून बसलेला म्हातारा मीच होतो. एवढ्या उकाड्यात कानटोपी कशाला, असं मंदाकिनीने घरातून निघतानाच विचारलं होतं. तू ओळखू नयेस म्हणून, दुसरं काय! मुकुलचा आदल्या दिवशी फोन आला होता, सर, मृणालने फाडलंय एकदम, तुम्ही यायलाच पाहिजे. मी म्हटलं बघतो. आणि सभा सुरू व्हायच्या पाऊण तास आधी जाऊन बसलो.

काय बोललीस गं! कागद नाही, अडखळणं नाही. पडद्यावर तो फोटो आला, डोंबिवलीच्या खाडीचा तो आपला चिखलाचा बांध, त्यावर पाणमांजराची मादी आणि तिच्यामागे दोन पिल्लं, एक तर आईच्या शेपटीवरच पाय देऊन उभं, आणि अख्ख्या सभागृहाने एकदम श्वास घेतला. मग तू स्वतःचं नाव बाजूला ठेवून आधी शेवंतीबाईंना मंचावर बोलावलंस. ह्या खाडीत पाणमांजर आहे हे मला ज्यांनी सांगितलं त्या ह्या, म्हणालीस. त्या बाई कोळंबीची पाटी खाली ठेवून आल्यासारख्या ताठ चालत वर गेल्या. मी टाळ्या इतक्या वाजवल्या की शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, मुलगी का तुमची? मी हो म्हटलं. खोटं बोललो, माफ कर. त्याहून मोठं खोटं मी तुझ्याशी बोललोय, आणि त्याच्यासाठीच आज पेन हातात घेतलंय.

आधी जरा मागे जातो, म्हाताऱ्यांना ती मुभा असते. माझ्या रविवारच्या तुकडीत जनावरांचे ठसे, विष्ठा, वास ओळखायला शिकायला तू पहिल्यांदा खोपटला एसटी डेपोसमोर आलीस तेव्हा बारावी नुकतीच झाली होती, पायात भावाचे बूट होते आणि पुढे कापूस कोंबलेला होता. येऊरच्या जंगलात पोहोचेपर्यंत तू मला एकवीस प्रश्न विचारलेस. बाकीची पोरं बिबट्या कधी दिसेल एवढंच विचारायची. तू विचारलंस, सर, मुंगूस शी एकाच जागी का करतं? मी त्या दिवशी घरी येऊन मंदाकिनीला सांगितलं, आज एक सापडली. पुढच्या महिन्यात तुझ्या आईला भेटायला ठाकुर्लीच्या चाळीत आलो. मीराबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या, आणि एकच विचारलं, सर, ह्याच्यात नोकरी लागते का? बालवाडीत मदतनीस म्हणून राबून पोरीला शिकवणारी बाई, तिने हेच विचारायला हवं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, लागते, मी बघतो. तो शब्द मी दिला होता, मृणाल. तुझ्या आईला दिला होता.

आपल्या तुकडीचा वहीचा नियम तुला पाठ आहे, तरी लिहितो. नोंद पेन्सिलीने करायची. खोडरबर जवळ बाळगायचा नाही. चुकलंय असं वाटलं तर त्यावर एक आडवी रेघ, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि शेजारच्या रकान्यात खोडणाऱ्याची सही आणि कारण. कारणाशिवाय रेघ मारायची नाही, मग तो विद्यार्थी असो की खुद्द सर. हा नियम मी केला, पोरांच्या डोक्यात मी बसवला, आणि एकदा मुकुलने कारण लिहिलं नाही म्हणून त्याला येऊरच्या फाटकापासून परत घरी पाठवला.

आणि मग तो जानेवारीतला रविवार. चिखल वाळून पापड झाला होता. तू बांधावर उकिडवी बसून होतीस, समोर विष्ठा, त्यात खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. तू वहीत लिहून टाकलं होतंस, पाणमांजर. मी आलो, वाकलो, म्हटलं, खारफुटीतला कोल्हाही खेकडे खातो, बाई. तू म्हणालीस, हो सर, पण वास घेऊन बघा ना, माशाच्या तेलासारखा येतोय. पानावर उचलून तू ती माझ्यापुढे धरलीस. मी ते पान नाकाशी नेलं, डोळे मिटले, चांगला दीर्घ श्वास घेतला, सगळी तुकडी बघत होती, आणि निकाल दिला. कोल्हा. तू परत म्हणालीस, नाही सर. बांधावर जाळं सोडवत बसलेल्या शेवंतीबाई तिकडून ओरडल्या, आमची जाली कोन फारतंय मंग, तुमचा कोल्हा? पोरं हसली. माझं डोकं फिरलं. मी तुझ्या हातातून वही घेतली, रेघ मारली, सही ठोकली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, चार वर्षांत एवढंही येत नसेल तर ही बाई काम काय करणार! तू फक्त त्या रकान्याकडे बोट केलंस. कारणाचा रकाना मोकळा होता. मी वही मिटली.

त्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या पहिल्या नोकरीसाठी शिफारसपत्र द्यायचं होतं. मी दिलं. त्यात लिहिलं, हुशार आहे, कष्टाळू आहे, मात्र निष्कर्ष घाईने काढते. एवढं एक वाक्य पुरलं. ती जागा तुला मिळाली नाही आणि तू तुकडीला यायचं बंद केलंस. फोन केला नाहीस, भांडली नाहीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं गं. कल्याणच्या कुठल्याशा क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवतेस, हे मुकुलकडून कळलं. रविवारी काय करतेस, हे त्यानेही कधी सांगितलं नाही. तुम्ही सगळे सामील होतात, गुलाम कुठले! शेवंतीबाईंच्या होडीतून तू भरती-ओहोटीची वेळापत्रकं बनवलीस, वनखात्यात अर्जावर अर्ज करून कॅमेरा लावायची परवानगी काढलीस, आणि दोन वर्षं, दर रविवारी, त्या बांधावर जात राहिलीस. ज्या बांधावर मी तुझा अपमान केला त्याच बांधावर. आता त्याच खाडीच्या सर्वेक्षणाचं काम वनखात्याने तुझ्यावर सोपवलंय, हे शनिवारी कळलं तेव्हा मी कानटोपी डोळ्यांवर ओढून घेतली. रडत होतो, सरळ सांगतो.

आता ती गोष्ट. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो होतो, तुम्ही पोरं आळीपाळीने औषधं आणून दाराला लटकवून जायचात. त्यातून उठलो, चालायला लागलो, पण वास गेला तो परत आलाच नाही. एकदा दूध करपून धूर स्वयंपाकघराबाहेर आला आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. मंदाकिनी बाजारातून येऊन गॅस बंद करून माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिला सगळं कळलं. तिने तेव्हाच सांगितलं, पोरांना सांगा, ती समजून घेतील. मला ते जमलं नाही. अगं, मी नाकावर जगलेला माणूस! येऊरमध्ये डोळ्यांना पट्टी बांधून तुम्ही माझ्या परीक्षा घ्यायचात, उदमांजर की रानमांजर, आणि मी तीन पावलांवरून सांगायचो. पोरं बोलवायची ती त्यासाठी, मान द्यायची ती त्यासाठी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते गेलं म्हटल्यावर मी कोण? टेंभी नाक्यावरचा आणखी एक रिटायर्ड मास्तर. म्हणून मी दीड वर्ष नुसता श्वास घ्यायचो आणि अंदाज ठोकायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचे, अनुभव होता. तुझ्या वेळी चुकलो. नुसता चुकलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मला काहीच कळत नव्हतं, आणि तुला येत होता तो वास तुझा भ्रम आहे असं मी तुला पटवू पाहत होतो. तू भावाच्या बुटांत येऊन चार वर्षं जे शिकलीस त्यावर मी माझी अब्रू झाकायला रेघ मारली. मला लाज वाटते, मृणाल. फार वाटते. आणि तू त्या रेघेला भीक घातली नाहीस याचा मला जो अभिमान वाटतो तो मला सहा पानं लिहूनही सांगता येणार नाही.

आता पत्र का, ते. काल पोस्टमन तुझं पाकीट देऊन गेला. कॉलेजातल्या पोरांसाठी आणि नव्याने ह्या कामात आलेल्यांसाठी तू वर्षभराची रविवारची तुकडी सुरू करतेयस, प्रत्येकाला एक जाणता माणूस हाताशी देणार आहेस, आणि छापायला जायच्या यादीत शिकवणाऱ्यांमध्ये पहिलं नाव माझं घातलंयस. विषय, ठसे आणि विष्ठा. सोबत तुझ्या हातची एक ओळ, सर, याल ना? मी ते पाकीट घेऊन तासभर जिन्यात बसलो होतो. नाही, मृणाल. ते नाव तसं छापू नकोस. जो वास घेऊ शकत नाही त्याने पोरांना विष्ठा ओळखायला शिकवायची नाही, तो विषय तू घे, तुझ्याइतका तो आज ह्या पट्ट्यात कोणाला येत नाही. पाकिटात अर्जाचाही कागद होता, वयाची अट नाही असं तूच लिहिलंयस, म्हणून तो भरून सोबत जोडलाय. वय एकोणसत्तर, पूर्वानुभव आहे पण तपासून घ्यावा, शिकायचं काय तर नाक नसताना काम कसं करायचं. जुनी वहीही पाठवतोय. तू पाणमांजर म्हणून लिहिलेली ती ओळ अजून वाचता येते, माझ्या रेघेखालून. खोडरबर आपल्याकडे नाही, त्यामुळे रेघ राहील. पण शेजारचा रकाना आज सकाळी भरला, पेन्सिलीने, मंदाकिनीला साक्षीला बसवून. कारण: मला वास येत नव्हता. नोंद मृणालची, बरोबर. शिफारसपत्रही नव्याने लिहून वहीत ठेवलंय, आता तुला त्याची गरज नाही हे ठाऊक असूनही, आणि ते आधी मीराबाईंना वाचून दाखव, मी त्यांना शब्द दिला होता. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला ठाकुर्ली स्टेशनच्या पश्चिमेला उभा असेन, डबा, पाणी, पेन्सिल घेऊन. मला उशीर झाला तर थांबू नकोस, कोणासाठीही थांबायचं नाही हा नियम माझाच आहे. बांधावर काही सापडलं तर पानावर उचलून तूच आधी वास घे, आणि मला सांग कसा येतो ते. मी लिहून घेईन.

तुझाच,
गुरुदत्त
विद्यार्थी, तुकडी पहिली