स्वच्छ रेकॉर्डिंग

प्रिय बडबडे,

रविवारचं तुझं गाणं पोचलं. नेहमीसारखं तुझ्या जुन्या खोलीत, माझ्या मोठ्या सिस्टीमला फोन जोडून ऐकलं. तुझ्या आईचं म्हणणं, मोबाइलमधलंच गाणं ऐकायचं होतं तर एवढे पैसे ओतून हे धूड घरात आणलंच कशाला? मुद्दा बिनतोड आहे.

खरंच, चांगली सिस्टीम वाईट रेकॉर्डिंगची गय करत नाही. साध्या रेडिओवर सगळंच सारखं गोड लागतं. इथे नीट टिपलेलं गाणं लावलं की गाणारा समोर येऊन बसतो आणि घाईगडबडीत उरकलेलं लावलं की त्याची सगळी लक्तरं बाहेर. चहाडखोर आहे मेली! उभी हयात मी स्टुडिओत लोकांचे आवाज टिपले आणि पोटची पोर गाते कुठे, तर पंख्याखाली बसून. किती डाफरलो असेन तुझ्यावर! पंखा बंद कर, फोन जरा लांब ठेव, जावईबापूंना म्हणावं कप आदळू नका आणि भलत्याच जागी ‘वा’ म्हणू नका. तू हसायचीस आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

हल्ली मात्र रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ येतंय. पंखा नाही, कप नाही, ‘वा’ नाही. आधी मी खूश झालो. पोरीनं अखेर मनावर घेतलं म्हणून आईला मुद्दाम बोलावून ऐकवलं. मग या खेपेला तू तान संपवून थांबलीस आणि तुझाच आवाज भिंतीवर आपटून परत आला. मी वायरी तपासल्या, दुसरी गाणी लावून पाहिली. सिस्टीम ठणठणीत आहे. बाळा, तुमच्या खोलीत नवऱ्याच्या पुस्तकांचं कपाट होतं, जाड पडदे होते, तो बोजड सोफा होता. असलं सामान आवाज पिऊन टाकतं. आता तिथं काहीच नाही, हे मला इथे बसून ऐकू आलं. फोनवर तू सगळं मजेत आहे म्हणतेस, तोही कामात आहे म्हणतेस. मी काही विचारत नाही, पण जीव थाऱ्यावर नाही. आईला बोललो नव्हतो, तरी तिनं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं आणि कपाटातून तुझी चादर काढली.

माझ्या स्पीकरची जागा तसूभरही हलू नये म्हणून पायांशी खडूच्या खुणा होत्या, तुला आठवत असतील. केर काढताना नुसता झाडू लागला तरी मी घर डोक्यावर घ्यायचो. काल शेजाऱ्यांना मदतीला घेऊन तुझ्या खोलीतली सगळी सिस्टीम बाहेरच्या खोलीत हलवली. एक स्पीकर दाराआड, दुसरा फ्रिजला खेटून. आवाज अगदी भिकार येतो. आईनं खुणा पुसून टाकल्या आणि तुझा पलंग होता तसा खिडकीशी लावला. कधी येतेस ते कळव, किंवा कळवूही नकोस, सरळ ये. कुणी काही विचारणार नाही. आणि आलीस की गायला बस, खुशाल पंखा लावून.

तुझाच,
बाबा