मालकाच्या ओटीवरचे ‘व्हय’

आदरणीय सर,

मिठागरांवरील तुमच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला मी प्रस्तावना लिहावी, अशी विनंती तुमच्या तेराव्यानंतर तुमच्या मुलाने केली. मी ती स्वीकारली. वृद्ध विद्यार्थिनी गुरूचा गौरवच करील, असे त्याला वाटते. प्रस्तावनेपूर्वी तुम्हाला कळवणे मला न्याय्य वाटले.

रोह्याच्या महाविद्यालयात तुम्ही शिकवलेला पहिला नियम आठवतो? प्रश्न विचारण्यापूर्वी आपण समोरच्या माणसाचे कोण लागतो, हे संशोधकाने वाचकाला सांगावे. नियम निर्दोष होता. मग तुम्ही अभ्यासलेली पेणच्या खाडीकाठची ती मिठाची आगरे तुमच्या वडिलांची होती, हे ग्रंथात एकदाही का आले नाही?

मुलाखतींसाठी मजुरांना तुम्ही आपल्याच घराच्या ओटीवर बोलावलेत. वडील झोपाळ्यावर होते. ‘कामात समाधानी आहात ना?’ यावर प्रत्येकाने ‘व्हय’ म्हटले. मालकाच्या ओटीवर ‘नाय’ म्हणत नाहीत, हे आमच्या गावात पोरांनाही ठाऊक होते. तुम्हाला नव्हते? तो रिवाज तुम्ही निष्कर्ष म्हणून छापलात.

त्यातले एक ‘व्हय’ माझ्या आईचे. ग्रंथ वाचून मी तिला जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, “त्यांचे ओटीवर त्यांनाच नाय सांगू? मंग सकाली आगरान मना कोन घेल गो, तुजं पुस्तक?”

पुढे बायांनी मिठाने फुटलेल्या पायांसाठी गमबूट मागितले. तेव्हा आगरे सांभाळणाऱ्या तुमच्या भावाने तुमच्या ग्रंथातले ते पान वाचून दाखवले आणि म्हटले, “तुम्ही तर समाधानी आहात.” आई त्याच भेगा घेऊन गेली.

वर्गात मी विचारले होते, “सर, आगर कोणाचे?”

“बाई, हा घरगुती प्रश्न झाला,” तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. ते हसू मी जपून ठेवले आहे.

प्रस्तावनेत तुमच्याविरुद्ध एकही विशेषण नसेल, असे वचन देते. ओटी कोणाची, झोपाळ्यावर कोण, आणि गमबूट कोणी नाकारले, एवढेच असेल. त्याआधी तुमच्या नियमानुसार पहिले वाक्य माझ्याविषयी: मी या ग्रंथातील एका ‘व्हय’ची मुलगी आहे, आणि हे रागाने लिहीत आहे.

हे वाक्य तुम्हालाही लिहिता आले असते, सर. ‘मी मालकाचा मुलगा आहे.’ तेवढेच पुरले असते.

तुमचा नियम पाळणारी,
तुमची विद्यार्थिनी