म्हशीच्या घंटेवर चालताना

मळवली, रविवार

परंदवडीच्या दाजींना अंबाजीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, खरोखर घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील).

माझ्या मागोमाग तुम्हालाही अर्धांगाचा झटका आला, मेव्हण्याची एवढी बरोबरी करायची गरज नव्हती. आता तुम्ही रोज गावात फेरी मारत असाल, आक्का वेळेवर औषध देत असेल आणि तुम्ही वेळेवर तिच्यावर खेकसत असाल, असं धरून चालतो. आमच्याकडे भात झोडून झालं. रतनबाई मजेत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते.

माझी डावी बाजू रुसलेली तुम्ही पाहिलीच होती. आता पाय उचलतो, पण त्याच्या मर्जीने. एक पाऊल लांब, दुसरं आखूड, तिसरं बाहेरून वळसा घालून येतं. डावा हात पोटाशी दुमडलेला, आहेराचं पाकीट धरल्यासारखा. लोणावळ्याला व्यायाम शिकवणाऱ्या अनघा मॅडम आहेत (माझ्या मुलीच्या वयाच्या, पण त्या बोलल्या की मी शाळेत). त्या म्हणाल्या, "आबा, ताकद आलीये, पण पावलं सारखी पडत नाहीत. उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे यायला हवा. तालावर चाला." दाजी, सत्तरीला आलो, पण चालताना हात असा हलतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग मी स्टेशनाच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे हातपाय तपासू लागलो. ते रतनबाईने बंद केलं. म्हणाली, "आवो, बायामानसांच्या चालीकडं काय बगत बसता? लाज हाय का न्हाई?"

मोबाइलमधल्या टकटकीवर चालून पाहिलं, झोप आली. शेवटी शेजारच्या कैलासच्या म्हशीने सोय केली. ती संध्याकाळी संथ परतते आणि गळ्यातली घंटा एका लयीत वाजते. तिच्या मागे चालायला लागलो आणि पाय ऐकू लागला. टण् की उजवा, टण् की डावा. खुशीत मान खाली घालून चालत राहिलो. म्हशीला एका बंगल्याच्या उघड्या फाटकातून हिरवळ दिसली, ती आत वळली, आणि पटकन थांबणं मला अजून जमत नसल्याने मीही आत गेलो.

आत लग्नाआधीचे फोटो काढणं चालू होतं. नवरी लांबलचक पांढऱ्या झग्यात, नवरा समोर गुडघ्यावर. म्हैस दोघांच्या मधून गेली, मागोमाग मी. फोटोवाला म्हणाला, "काका, थांबू नका, मस्त येतंय." मी तर थांबायचीच खटपट करत होतो. पाय झग्याच्या घेरात अडकला, मी कललो, तशी त्या पोरीने पुढे होऊन माझा डावा हात धरला. आणि दाजी, इतके महिने मेल्यागत पडलेल्या त्या मुठीने तिचं बोट गच्च आवळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "सोडा आता, काका." पण मूठ सोडेना. नवऱ्याने एकेक बोट उलगडलं. सगळे हसले, मीही हसलो (तोंड जरा वाकडं, फोटोत तसंच आलंय). रतनबाई शोधत आली, तिने आधी म्हशीला हाकललं, मग मला.

आक्काला नमस्कार.

आपला,
अंबाजी

ता. क. आक्काचा फोन आला होता. पाय बरा चालतो, पण लोक हसतील म्हणून तुम्ही उंबरा ओलांडत नाही, हे सांगताना ती रडली. म्हणून एवढं पुराण लिहिलं. तुम्ही महिनाभर इकडे या. मळवलीतलं सगळं हसू माझ्यावर खर्च झालंय, तुमच्या वाट्याला फारसं उरलेलं नाही. अनघा मॅडमकडे दोघं जाऊ.

पुन्हा ता. क. तुमची उजवी बाजू गेली, माझी डावी. चांगले हात एकमेकांत घालून चालता येईल. पण आक्काला बरोबर आणाच. रतनबाई म्हणते, "येकाला हुडकून आनताना जीव जातोय, दोन मला जमायचे न्हाईत."