खालचा आवाज

४ जानेवारी

आलो एकदाचा! अल्बम पुरा होईपर्यंत राहायला कंपनीने चक्क अख्खं घर दिलंय. वर झोपायच्या खोल्या, खाली रेकॉर्डिंगची खोली. आजवर मी रॅप केलं ते आईच्या कपाटात उभं राहून, कारण लटकवलेल्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. दादा बाहेरून मोबाइल धरायचा आणि मी मधेच शिंकलो की कपाटाला लाथ घालायचा. इथे भिंतींना जाड काळा स्पंज आहे, समोर काच आहे, आणि माइक असा की त्याच्यापुढे आपोआप ताठ उभं राहावं. दादाने तर आल्या आल्या गादीवर उड्या मारून घेतल्या. तिशी ओलांडलेला माणूस! आणि हा म्हणे माझा मॅनेजर.

आई लाँड्रीत इस्त्री करते. निघताना तिने माझे सगळे शर्ट इस्त्री करून दिले, बनियनसुद्धा सोडले नाहीत. लोक मला बडबड्या म्हणून ओळखतात, ते नाव तिचंच. वैतागून ठेवलेलं.

रेकॉर्डिस्ट बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस आहे. त्याने एकच अट घातली. रेकॉर्डिंग चालू आहे तोवर माइकबाहेर एक शब्द बोलायचा नाही, फोनवरही नाही. घसा जपायचा. दादा पोट धरधरून हसला. म्हणाला, हा तर झोपेतही बोलतो. मग त्यानेच ही वही आणून दिली आणि सांगितलं, तुंबलेलं सगळं हिच्यात ओकत जा. तर हे ओकणं सुरू.

९ जानेवारी

रॅपमध्ये प्रत्येक ओळ दोनदा म्हणावी लागते. पहिला आवाज वर राहतो आणि दुसरा त्याच्या खाली हलका अंथरतात, म्हणजे बोलणं भरीव वाटतं. त्या खालच्या आवाजाला डबल म्हणतात. श्वाससुद्धा दोन्हींत त्याच जागी पडायला हवा. आणि इथेच माझं घोडं पेंड खातं. एकदा म्हटलेलं मला पुन्हा तसंच म्हणवत नाही. कधी शब्द बदलतो, कधी हसू फुटतं, कधी मधेच काहीतरी भलतंच सुचतं आणि मी तेच म्हणून मोकळा होतो. काचेपलीकडे दादा दात-ओठ खात होता.

शेवटी रेकॉर्डिस्टने हात टेकले. म्हणाला, डबलचं मी बघतो, तू नुसता बोल. गाणं नको, घरचं सांग, त्यातून मला तुझी लकब कळेल. मग काय, मला कोणी बोल म्हणायचाच अवकाश! बाबा गेले त्याचं सांगितलं. आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. शाळेत माझ्या वाटचा मार दादाने खाल्ला होता, तेही. रेकॉर्डिस्ट डोळे मिटून ऐकत होता. इतकं मन लावून माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

१७ जानेवारी

डबल बसला! माझाच आवाज, माझ्याच आवाजाखाली, श्वासाला श्वास. अंगावर काटा आला. गंमत म्हणजे तो मी म्हटलेलाच नाही. मशीनची करामत असणार. विचारलं नाही, कारण विचारलं की परत माइकपुढे उभं करतील.

कंपनीच्या बाई गाणी ऐकायला आल्या होत्या. अल्बम चालणार की पडणार, हे त्यांच्या मानेवर ठरतं म्हणे, आणि मान डोलली. जाता जाता त्यांनी विचारलं, खालच्या आवाजातला मुलगा कोण आहे, तोच मला जास्त आवडला. दादाने हसून विषय बदलला. मला गंमत वाटली. थोडा रागही आला. कोणाचा, ते कळेना.

२४ जानेवारी

आईचा मेसेज आला. किती दिवसांनी माझ्याशी पोटभर बोललास, गुडघा कसा आहे विचारलंस तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, असं लिहिलंय.

मी बोललोच नाही तिच्याशी. दादाला लिहून विचारलं, तर म्हणाला, ती काळजीत होती, म्हणून तुझ्या रेकॉर्डिंगमधले तुकडे लावून तिला ऐकवले. पटलं. दादा आहे, त्याला आईचं कळतं.

जेवताना घास तसाच राहिला. मी माइकवर तिच्या गुडघ्याचं सांगितलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

३ फेब्रुवारी

शेवटचं गाणं, बाबांवरचं. त्यातली एक ओळ मला सुचत नव्हती, म्हणून जागा मोकळी सोडली होती. आज तिथपर्यंत आलो आणि गप्प राहिलो. हेडफोनमध्ये ओळ आली. माझ्या आवाजात. चांगली होती. मला सुचली असती त्यापेक्षा चांगली होती.

बाबा गेले त्या दिवशी दादाच्या शर्टात तोंड खुपसून मी जे म्हणालो होतो, तेच होतं त्यात. ते मी रेकॉर्डिस्टला सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. ऐकलं होतं फक्त दादाने.

काचेकडे पाहिलं. दादा पाठ करून उभा होता.

२० फेब्रुवारी

अल्बम आला आणि उसळला. सलूनमध्ये तो, रिक्षात तो, समोरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक पान्याने त्यावर ताल धरतोय. एवढं यश कंपनीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणतात. मी खिडकीत उभा राहून ऐकलं आणि खरंच खूश झालो. मोठ्याने ओरडायला गेलो. घशातून नुसती हवा आली.

पुन्हा प्रयत्न केला. हवा.

दुपारी मोबाइलवर मुलाखत लागली. पडद्यावर दादा बसला होता. शेजारी मी. आईने इस्त्री केलेला निळा शर्ट घालून. प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर, कुठे अडखळणं नाही, मधेच हसणं नाही. दादाचा हात त्याच्या खांद्यावर होता. तसा हात ठेवून दादा माझ्याशेजारी कधी बसलाय? आठवत नाही.

कपाट उघडलं. निळा शर्ट नाही.

२२ फेब्रुवारी

दादा आला. मी त्याची गचांडी धरली. त्याने सोडवून घेतली नाही, नजरही चुकवली नाही. चुकवायला हवी होती त्याने. निदान तेवढं तरी.

म्हणाला, तुझ्यापायी माझं अर्धं आयुष्य कपाटाबाहेर उभं राहण्यात गेलं. तुला एक ओळ दोनदा धड म्हणता येत नाही. तो म्हणतो. तो वेळेवर उठतो, उलट बोलत नाही, मला दादा म्हणतो आणि तसा मान देतो. तुझं जे सांगायचं राहिलं ते मीच सांगितलं त्याला. दुपारी तू झोपलास की रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून. ऐकता ऐकता त्या आवाजाला अंग फुटलं.

म्हणजे मी तुला टाकलं असं नाही, म्हणाला. तुझं सगळं आहे त्याच्यात, आवाजसुद्धा. काही वाया गेलेलं नाही.

काही वाया गेलेलं नाही! भाजी निवडतोय का हा?

मी रडलो. तो थांबून बघत राहिला. जरा जास्तच लक्ष देऊन.

२३ फेब्रुवारी

घरी निघालो. आईकडे. बसमध्ये शेजारची मुलगी माझं गाणं गुणगुणत होती. मी छातीवर बोट ठेवून सांगू पाहिलं, हे माझं— ती उठून दुसरीकडे बसली.

आईला कळेल. बाकी जग गेलं खड्ड्यात. आईला कळेल.

२३— नंतर, जिन्यावर

आईने दार उघडलं. आत कोणीतरी माझ्यासारखं हसलं. तिने बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. माझ्या कानामागे बोट फिरवलं. तिथे व्रण आहे, रांगताना इस्त्री लागली होती तो.

तिला कळलं. पुन्हा लिहितो— तिला कळलं. मीच तो, हे तिला कळलं.

आणि म्हणाली, जा.

कुजबुजत म्हणाली, गोड आवाजात. तो रोज जवळ बसतो. माझं ऐकतो. तू नुसता बोलायचास रे, माझं कधी ऐकलंस? रागावली नव्हती. रागावली असती तर बरं—

एकच उणं आहे त्याच्यात, म्हणाली. रडता येत नाही त्याला. बाबांचा फोटो पुढे ठेवला तरी नाही. पुढच्या अल्बमसाठी तेवढंच हवंय.

दार लावून घेतलं. मी इथेच बसलोय. ती आत फोनवर— दादाशी— म्हणतेय, आलाय. जिन्यावर आहे. हो, रडतोय. मशीन घेऊन लवकर या.

आई

माझी आई

खाली गाडी थांबली. दादाचा आवाज. रेकॉर्डिस्ट काहीतरी जड उचलतोय— पळायला हवं. गच्चीकडे दार आहे, उघडं आहे, अजून वेळ—

आई बाहेर आली. ये म्हणतेय. ये बाळा, दोन घास खाऊन घे. हात पुढे केलाय. ती का बोलावतेय ते मला माहीत आहे. पक्कं माहीत आहे. पण किती दिवसांनी तिने— मला— आणि मी उठ