बासरावाविना रसायनशास्त्र

३ जून, सकाळी ८
शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. सुटलो. लॅब असिस्टंटचं तोंड बघायला नको. वीस वर्षं खांद्यामागे उभा राहून प्रत्येक प्रयोगात "बास, सर" म्हणायचा. जणू थेंब कधी थांबवायचे ते मला कळतच नाही. म्हणून त्याचं नाव मी बासराव ठेवलंय.

संकल्प: घरगुती किट. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले खळगे म्हणजे परीक्षानळ्या. औषधाचा ड्रॉपर म्हणजे थेंब-थेंब सोडायला ब्युरेट. जांभळ्या कोबीचं पाणी म्हणजे लिटमस. भौतिकवाला जळून खाक होणार.

५ जून
कोबी भिकार निघाला. व्हिनेगर टाकलं, राखाडी. सोडा टाकला, तरी राखाडी. भाजीवाल्याने डोळ्यांदेखत गंडवलं. बायको म्हणते, एक गुलाबी झालंय, एक हिरवं. तिला काय कळतंय. माझ्या मातकट शर्टालाही ती हिरवा म्हणते.

९ जून
मुलांनी घरी प्रयोग केला. एकेचाळीस मुलं, एकेचाळीस उत्तरं, सगळी सारखी. व्हिनेगरमध्ये गुलाबी, सोड्यात हिरवा. इतकी निर्लज्ज कॉपी जन्मात पाहिली नाही. सगळ्यांना शून्य.

१० जून
पालक खवळले. मुख्याध्यापिकाबाईंचं फर्मान: शुक्रवारी पालकांसमोर कॅमेऱ्यावर प्रयोग करून दाखवा, नाहीतर वर्ग भौतिकवाल्याकडे. दाखवतोच. एकेकाची बोलती बंद करतो.

बासरावाने फोन करून विचारलं, येऊन उभा राहू का. फोनच कट केला.

१२ जून, दुपारी १
खळग्यात सोडा आणि कोबीचं पाणी. वर व्हिनेगरचे थेंब. रंग बदलला की थांबायचं, असं बजावलं आणि थेंब सोडत राहिलो. रंग बदलेना. फेस आला, खळगा भरला, पाणी टेबलावरून लॅपटॉपकडे निघालं. होतंय, होतंय, असं मी म्हणत होतो.

तेवढ्यात आवाज आला. "बास, सर."

हात आपोआप थांबला. या माणसाला लिंक कुणी दिली?

"गुलाबी केव्हाच झालंय, सर."

संध्याकाळी ६
बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. त्याने रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक दाखवलं. पहिलं पान सोडलं तर एकाही पानावर आकडा दिसला नाही. छपाई भिकार, असं मी सांगितलं. तो म्हणाला, हे जन्मापासूनचं आहे.

बासरावाला फोन करून झापलं. माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?

"सांगतच होतो की, सर. रोज."

उर्मट तो उर्मटच.

१३ जून
वर्ग माझ्याकडेच राहिला. अट एकच, बासराव लिंकवर हवा. सकाळी एकेचाळीस शून्यं खोडायला बसलो. लाल पेन कोणतं, ते बायकोला विचारून घेतलं.